चाळीस मिनिटं

फिओर्डच्या काठावरच्या या लांबट लाल घरात
दर सोमवारी एक शाळा उतरते,
शुक्रवारी निघून जाते.
मी इथली स्वयंपाकीण.
मुलांची नावं मला पाठ होत नाहीत, ताटं होतात.
कोण साल बाजूला ठेवतो,
कोण मासा नुसताच काट्याने ढोसत राहतो,
कोण बाकाच्या अगदी टोकाला टेकतो,
म्हणजे उठून जायला सोपं.

पहिल्या रात्री टेबलांचा नकाशा असतो,
सीमा पक्क्या.
बटाट्यांचं भांडं एका देशातून दुसऱ्यात जात नाही,
मीच ते उचलून पलीकडे नेते.

गेल्या सप्टेंबरातला तो सातवीचा वर्ग.
त्यातला आइलिफ, आवाज मोठा, हात लांब.
आणि तोर्यूस, चष्मा दोरीने बांधलेला.
सोमवारीच तोर्यूसचा एक रबरी बूट
झेंड्याच्या काठीवर चढला.
कोणी चढवला ते सगळ्यांना ठाऊक होतं,
म्हणून कोणीच सांगितलं नाही.

मंगळवारी होड्या.
जोड्या बाई लावतात, चिठ्ठ्या उचलून.
चिठ्ठीत काय लिहिलंय ते त्या कधी दाखवत नाहीत.
एका वल्ह्यावर आइलिफ, दुसऱ्यावर होदान,
जिने पोहण्याच्या तलावापलीकडे पाण्यात पाय घातला नव्हता.
तो ओढी जोरात, ती भीतभीत,
होडी आपली घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी गोल.
मी काठावर हसत उभी, हातात गाजरं.
मग होदान मोजायला लागली, घरच्या भाषेत,
कोव, लब, सद्देह,
कोव, लब, सद्देह,
आणि होडीचं नाक सरळ झालं.
रात्री आइलिफला मीठ हवं होतं तर तो म्हणाला, "सद्देह!"
होदानला ठसका लागला.
मीठ तीन टेबलं ओलांडून आलं.

पण मला सांगायचंय ते गुरुवारचं.

पहाटेचे पाच. बाहेर काळोख.
पाव भट्टीत ढकलून, पिठाच्या हातांनी
मी धुण्याच्या खोलीत गेले टॉवेल आणायला,
तर यंत्र चालू.
समोर फरशीवर तोर्यूस, अनवाणी,
अंगात गुडघ्यापर्यंत येणारा, दुसऱ्याच कोणाचा तरी स्वेटर.
दाराला पाठ लावून आइलिफ,
उघड्या दंडांवर काटा, पहारेकऱ्यासारखा.
काचेमागे चादर फिरत होती.

चादरीबद्दल विचारायचं नसतं
हे कळायला मला दोन मुलं वाढवावी लागली.
या बारा वर्षांच्या पोराला ते कुठून कळलं?

"याला किती वेळ लागतो?" आइलिफने विचारलं.
"चाळीस मिनिटं. मग वाळवायची."
"बाकीचे सातला उठतात," तो म्हणाला.
हिशोब आधीच झालेला होता.

मी गरम पावाचं टोक मोडून आणलं,
वर तपकिरी चीज, वितळायला लागलेलं.
तोर्यूसने त्याचे दोन भाग केले.
नीट झाले नाहीत.
मोठा तुकडा गेला
बूट चढवणाऱ्याकडे.

आठवड्याच्या शेवटी बाई अहवाल लिहितात:
मुलं गाठी मारायला शिकली,
भरती-ओहोटी, शेवाळाच्या चार जाती.
चादर त्यात नाही.
मीही कोणाला बोलले नव्हते, आजपर्यंत.

शुक्रवारी बस निघताना मी मुद्दाम बाहेर गेले,
दोघं शेजारी बसलेत का बघायला.
काचांवर आतून वाफ धरलेली,
कोणीतरी बोटाने त्यावर मासा काढलेला.
बाकी काही दिसलं नाही.

शहरात घंटा वाजली की
जुने नकाशे पुन्हा उघडत असतील.
मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला
ओळखही दाखवली नसेल कदाचित.
असंही होतं. मला कोण सांगणार?

वाळवायच्या यंत्रात एक मोजा सापडला, लांब पायाचा.
तो मी खिडकीत ठेवलाय.
सोमवारी नवी शाळा येते.
बटाटे सोलायचेत.